शेंग्याला लावलेली शिस्त

कुत्र्याला शिस्त लावणं म्हणजे काय अवघड काम आहे? "रोज पहाटे फिरायला न्यायचं! महिन्याभरात शेंग्या शहाणा होतो की नाही बघ!" असं मी घरात जाहीर केलं.

शेंग्या म्हणजे आमचं कुत्रं. आकारानं पायपुसण्याएवढं.

"त्याचं ठीक आहे. तुम्हाला कोण उठवणार?" आमच्या सौ. वैष्णवीनं चहा गाळता गाळता विचारलं.

उठलो की! पण पहिल्याच दिवशी शेंग्यानं समोरच्या केराबाईंच्या रांगोळीवरच कार्यक्रम उरकला.

"दादा, उद्यापासनं बादली घेऊनच भाईर पडायचं! घाण भरायची आन् न्यायची!" केराबाईंनी ठणकावलं.

तेव्हापासून माझ्या एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात बादली.

मग उजाडला गुरुवार. पाण्याचा दिवस! आमच्या गल्लीला चार दिवसांआड पाणी येतं आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक. म्हणून सगळे नळ उघडे ठेवून कान लावून बसतात.

"ड्रमचा तळ दिसतोय," वैष्णवी म्हणाली. "दुपारी मोहोळहून आई-बाबा जेवायला येतायत. आजचं पाणी चुकलं, तर मी त्यांच्याबरोबर मोहोळला जाणार!"

"हा गेलो आणि हा आलो!" म्हणून मी निघालो.

कोपऱ्यावर शेंग्याला मांजर दिसलं. त्यानं असा हिसडा मारला की साखळी सुटली आणि गडी सुसाट! मागून मी, बादली सांभाळत, "अरे थांब! थांब रे!" करत.

आता तुम्हीच सांगा, पाण्याच्या दिवशी भल्या पहाटे माणूस बादली घेऊन "थांब, थांब" करत पळतोय, म्हटल्यावर सोलापूरकर काय समजणार?

"टँकर आला! अभिभाऊ पळालं बगा!" शेजारचे चनमल्लप्पा ओरडले आणि लुंगी सावरत कळश्या घेऊन निघाले. त्यांच्यामागे केराबाई, केराबाईंच्या मागे अख्खी गल्ली!

"कुटं हाय टँकर?"

"फुडं असंल! अभिभाऊंना दिसतोय की!"

मी वळून बघतो तर ही फौज! घाबरून आणखी जोरात पळालो. त्यांची तर खात्रीच पटली.

चौकात मी फतकल मारून बसलो. छाती भात्यासारखी चाललेली.

"टँकर कुटंय?" चनमल्लप्पांनी दरडावलं.

"कसला टँकर? मी कुत्रं शोधतोय!"

"मग बादली कशाला वो?"

मी केराबाईंकडे बोट दाखवलं. एवढ्यात गर्दीतून दोन घागरी घेऊन वैष्णवी पुढे आली.

"अगं, घरी कोण आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली आणि पांढरीफटक पडली. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला. गल्लीत कोणीच नव्हतं!

धावत परत आलो. गटार दुथडी भरून वाहत होतं. घराघरातले उघडे नळ शेवटचं गुरगुरून गप्प झाले. आणि त्या वाहत्या पाण्यात शेंग्या आरामात आंघोळ करत होता!

सासू-सासऱ्यांना विकतच्या जारवर जेवू घातलं. वैष्णवी मोहोळला गेली नाही, पण माझा निकाल लागला. शेंग्याला आता केराबाई फिरवतात. बिनसाखळीचा, खाली मान घालून चालतो मेला!

आणि मी? मी पहाटे नळापाशी. वैष्णवी "बसा" म्हणाली की बसतो. पाणी आलं की गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडतो. परवा वेळेवर ओरडलो, म्हणून केराबाईंनी मला बिस्कीटसुद्धा दिलं!