शिजवलेला चिखल

साळवे सिस्टरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा "या, बसा" म्हणायच्या आधी त्या म्हणाल्या, "हात दाखवा."

मी दाखवले. त्यांनी चष्म्याखालून नखं पाहिली, मग मनगटं पाहिली आणि मला मोरीकडे पाठवलं. मी शेजारीण म्हणून ओळख करून घ्यायला गेले होते, आणि येताना हळदीकुंकवाऐवजी साबणाची वडी घेऊन आले.

आम्ही बंगळूरला एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलो त्याच वर्षीची ही गोष्ट. सिस्टर मूळच्या नगरकडच्या. ऑपरेशन थिएटरच्या नर्स म्हणून बंगळूरच्या एका हॉस्पिटलात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर थिएटर त्यांनी घरी आणलं. दाराची कडी, लिफ्टचं बटण, भाजीवाल्या अण्णाची तागडी, सगळं त्या पुसायच्या. अण्णा बिचारा "सरी, सिस्टर", म्हणजे बरं बरं, म्हणत तागडी पुढे करायचा. मी एकदा म्हटलं, रविवारी तरी जरा बसा. तर म्हणाल्या, "जंतूला सुट्टी नसते."

रविवारी त्या चर्चमध्ये जायच्या. तिथे मुलांचा एक गट होता. त्याला शिकवायला दोन शिक्षिका होत्या, आणि दारात सिस्टर उभ्या राहून प्रत्येकाची नखं तपासायच्या. मुलं त्यांना येशूच्या शत्रूंपेक्षा जास्त घाबरायची, असं त्यातल्या एका शिक्षिकेनंच मला सांगितलं.

त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना गाडीतून चर्चच्या मीटिंगला नेलं आणि मागच्या बाकावर बसून राहिले. विषय होता मुलांचा मैदानी खेळांचा दिवस. चिखल, रंगाचं पाणी, ओला लगदा, मुलांनी मनसोक्त बरबटून घ्यायचं. दर वर्षी हे करणारं जोडपं बदली होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याच्या पलीकडे राहायला गेलं होतं. तरुण पास्टरनी विचारलं, यंदा कोण बघेल?

सिस्टरांनी हात वर केला.

सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. नंतर पास्टरनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, चिखल म्हणजे चिखलच, हे सिस्टरना कळलंय ना?"

मी म्हटलं, मलाही तेच विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात ओल्या मातीचा वास सुटला होता. बाहेर तर लख्ख ऊन. सिस्टरांचं दार उघडं होतं. आत गॅसवर कुकर, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून लाल मातीचा ढीग.

"सिस्टर, काय शिजतंय?"

"माती."

तेवढ्यात शिट्टी झाली. मी दाराची चौकट धरली.

"चिखलात मुलं लोळणार. नर्सरीतून आणलेली माती, तिच्यात काय काय असेल. वाफेवर सगळं मरतं."

"किती शिट्ट्या देता?"

"तुमच्या डाळीला देता त्याच्यापेक्षा दोन जास्त."

एका कुकरनं भागेना, म्हणून त्यांनी माझाही नेला. परत आला तो आरशासारखा घासून आला, पण त्यात वरण लावायला माझं मन धजेना. आम्ही नवा घेतला.

मग चाचण्या सुरू झाल्या. रंगाच्या पाण्यात बुडवलेले स्पंज एकमेकांना फेकून मारायचे, असा एक खेळ होता. बाजारचा रंग सिस्टरना नको होता. त्यांनी हळद आणि बीट काढलं. पण डाग जातो का? माझे यजमान सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. ऑफिसातून येऊन लिफ्टची वाट बघत उभे होते. सिस्टरांनी त्यांना गच्चीवर बोलावलं, भिंतीशी उभं केलं आणि पांढऱ्या शर्टावर नेम धरून स्पंज मारला. मी वाळलेले कपडे काढायला वर गेले तेव्हा नवरा पिवळाधमक उभा, आणि सिस्टर घड्याळ बघतायत.

"अहो, तुम्ही काही बोलला नाहीत?" मी खाली आल्यावर विचारलं.

"त्या म्हणाल्या, प्रयोग आहे," हे म्हणाले.

हळदीचा डाग गेला नाही. हळद बाद झाली, बीट राहिलं. नाचणीच्या पिठाचा लगदा मंजूर झाला, कारण तोंडात गेला तरी पोटाला बरा.

खेळांच्या दिवशी चर्चमागच्या फणसाच्या झाडाखाली मोठा हौद भरला होता. इतका स्वच्छ चिखल बंगळुरात कुणी पाहिला नसेल. मुलं जुने कपडे घालून आली, हौदाभोवती गोल उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली.

पास्टरनी शिट्टी वाजवली. कुणी हललं नाही. मुलं चिखलाकडे बघत नव्हती. ती सिस्टरांकडे बघत होती. एका मुलीनं तर दोन्ही हात पाठीमागे लपवले.

सिस्टरांचा चेहरा उतरला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पास्टर हळूच म्हणाले, आपण गाणी घेऊ या का? सिस्टरांनी नकारार्थी मान हलवली, चष्मा काढून माझ्या हातात दिला, कडक इस्त्रीच्या साडीचा पदर खोचला, दुखरा गुडघा धरत हौदाच्या काठावरून पाय आत टाकला आणि फतकल मारून बसल्या.

पास्टरांची शिट्टी हातातून गळून पडली. सिस्टरांनी ओंजळभर चिखल घेतला आणि स्वतःच्या गालांना फासला.

"बघताय काय?" त्या म्हणाल्या. "या."

हात लपवणारी मुलगी आधी गेली. मग कोण कुणाच्या अंगावर पडलं ते सांगता येणार नाही. शिक्षिका आत ओढल्या गेल्या, पास्टर गेले, शेवटी मीही. रस्सीखेच, लगद्यातला चेंडू, ठरवलेलं काहीही झालं नाही. मुलं नुसती सिस्टरांच्या खांद्यांवर चढत होती.

दुपारी आईबाप येऊन आपापली मुलं घेऊन गेले. एक चिमुरडी राहिली होती. ती सिस्टरांच्या मांडीवर गाढ झोपली होती, तोंड उघडं, चिखल वाळून गालाला भेगा पडलेल्या. सिस्टर फणसाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या. मी पाण्याची बादली आणि टॉवेल घेऊन गेले.

"ठेवा बाजूला," त्या पुटपुटल्या.

"पाय अवघडला असेल तुमचा."

"असू दे." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आमचे साळवे गेले तेव्हा लोक भेटायला यायचे. मी आधी मोरीकडे पाठवायची. हळूहळू यायचेच थांबले. अंगाला अंग लागून कोणी बसलंय, असं कधीचं झालं नव्हतं."

मी शेजारी मातीतच बसले.

तेवढ्यात मुलीची आई फाटकातून धावत आली. ट्रॅफिकला दोष देत, माफी मागत, मुलीला उचलायला वाकली.

सिस्टरांनी हातानं तिला थांबवलं. "अक्का, स्वल्प बसा ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

त्या बाईनं सिस्टरांकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि तीही आमच्याजवळ खाली बसली.