हार्ड डिस्कचा झोपाळा

"यंत्राला नीट टेकायला मिळालं नाही की ते कुरकुरतं," मास्तर म्हणाले. "संध्याकाळच्या आत गप्प करतो."

मास्तर म्हणजे शिंपी. खाली दुकान, वर घर, आणि डोकं त्याच्याही वर, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. शिलाई मशीनच्या पायाखाली रबराचे तुकडे सरकवून मास्तरांनी अख्ख्या गल्लीची झोप वाचवली होती. त्यामुळे बायकोचा जुना कॉम्प्युटर म्हणजे त्यांच्या हातचा मळ होता.

त्या कॉम्प्युटरवर बायकोचं नशीब अडकलं होतं. बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका स्टुडिओनं तिच्याकडून तीन पानं वाचून मागितली होती. तिनं मन लावून वाचली, पाठवली. उत्तर आलं : 'आवाज उत्तम. मागे सतत कोणीतरी काहीतरी कुरतडतंय. उंदीर असल्यास बंदोबस्त करावा.' सासूबाईंनी पलंग सरकवून पाहिला. उंदीर नव्हता, कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क होती. आज संध्याकाळपर्यंत स्वच्छ आवाज पोचला तर अख्खं पुस्तक बायकोचं, नाहीतर दुसऱ्या बाईंचं.

"अहो, दुरुस्तीवाल्याला बोलवा ना," बायको म्हणाली.

"तो स्क्रू पिळेल. मला कापड कळतं."

मास्तरांनी कॉम्प्युटर बंद करून पत्रा उघडला, टेप लावून डिस्कची मापं घेतली आणि तासाभरात तिला कापूस भरलेला कोट शिवला. आत अस्तर, पुढे दोन बटणं, वायरीसाठी बाही. असा कोट त्यांनी स्वतःच्या लग्नातही घातला नव्हता. डिस्क आत बसली, कॉम्प्युटर सुरू झाला आणि कुरकुर ऐकूच येईना. मास्तरांनी सासूबाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांनी मुकाट्यानं पेपर डोळ्यांसमोर धरला.

बायको वाचू लागली. दुसरं पान रंगात आलं आणि समोरचा पडदा काळा झाला. वाचलेलं सगळं गेलं. मास्तरांनी कोटाची बटणं काढून डिस्कला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"जावईबापू," सासूबाई पेपराआडून म्हणाल्या, "तापात माणसाचेसुद्धा कपडे सैल करतात."

बायकोनं फक्त घड्याळाकडे पाहिलं, आणि मास्तरांना तेच लागलं. लग्नाआधी ती शाळेत धडा वाचायची तेव्हा वर्ग चिडीचूप व्हायचा, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते. आता त्यांच्याच कोटानं तिचं तोंड बंद केलं होतं.

डिस्क गार होईपर्यंत ते उघड्या पेटीसमोर बसून राहिले. पत्र्याला टेकली की डिस्क थरथरणार, पत्रा वाजणार. गुंडाळली की तापणार. मग ती कशालाच टेकली नाही तर? अधांतरी टांगली तर? टांगायला रुंद, घट्ट इलॅस्टिक हवं.

मास्तर धावत दुकानात गेले. इलॅस्टिकचं रीळ संपलेलं. समोरच्या दुकानाला सुट्टी. जिन्यात उभं राहून त्यांनी विचार केला, आणि हळूहळू त्यांचा हात स्वतःच्या कमरेकडे गेला. पायजम्यात त्यांनी नुकतंच नवं इलॅस्टिक घातलं होतं. दुकानातलं सर्वांत भारी.

"नाडी नंतर ओवतो," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी कात्री उचलली.

पेटीतल्या दोन पट्ट्यांमध्ये आडवंउभं इलॅस्टिक ताणून त्यांनी झोपाळा बांधला आणि डिस्क अलगद त्यात ठेवली. मग एका हातानं पायजमा धरून दुसऱ्या हातानं बटण दाबलं. डिस्क फिरू लागली. मास्तरांनी कान लावला. काहीही नाही. हात लावला. गार.

आता वेळ अगदी थोडा होता. बायकोनं माइक जवळ ओढला आणि वाचायला सुरुवात केली. मास्तर दारात पायजमा धरून उभे होते. ती वाचत गेली तशी त्यांची छाती फुगत गेली. डिस्कचा अभिमान किती आणि बायकोचा किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या पानाची शेवटची ओळ संपली, तिनं कागद खाली ठेवला, आणि मास्तरांना राहवेना.

"बघितलंस? कसं गप्प केलं!" म्हणत त्यांनी दोन्ही हात वर केले.

दोन्ही.

"जावईबापू, पायजमा," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा पेपरात शिरल्या.

बायको हसता हसता टेबलावरच पडली. मग घड्याळ दिसलं तशी भानावर आली, घाईघाईनं बटणं दाबली आणि तीन पानं जशीच्या तशी पाठवून दिली. परत ऐकून बघायला वेळच नव्हता.

थोड्या वेळानं उत्तर आलं. बायकोनं ते मोठ्यानं वाचलं : 'आवाज पसंत. पुस्तक तुमचं. कुरतडणं पूर्ण थांबलंय, अभिनंदन. मात्र तिसऱ्या पानाच्या शेवटी एक गृहस्थ काही गप्प केल्याचं सांगतात आणि एक आजी त्यांना पायजम्याची आठवण करून देतात. हा भाग पुस्तकात नसल्यामुळे आम्ही कापला आहे.'

बायकोनं कपाळाला हात लावला. सासूबाईंचा पेपर हलू लागला. मास्तर मात्र ताठ उभे होते, पायजमा घट्ट धरून.

"पण पायजमा हा शब्द किती स्पष्ट आलाय, बघा," ते म्हणाले. "मागे जराही कुरकुर नाही."