महाराजांचा हललेला फोटो

एका जंगलात, म्हणजे नकाशावर नुसता हिरवा डाग देऊन ज्याचं नाव लिहायचं राहून जातं अशा एका जंगलात, कुंदा खवले नावाची फोटोग्राफर राहत होती.

बाळांनो, कुंदा खवले मांजर होती. खवले मांजर हे मांजर नसतं बरं का. अंगभर खवले, हातभर जीभ, आणि भीती वाटली की अंगाचं गाठोडं. समोर कुणीही येवो, पळायचं नाही. गुंडाळून घ्यायचं. पुढचं पुढे.

आता जंगलात कॅमेरा कुठून आला, असं विचारू नका. गोष्टीतला वाघ बोलतो तेव्हा तुम्ही काही विचारत नाही. मग कॅमेऱ्यानंच काय घोडं मारलंय?

कुंदा ओळखपत्रांचे फोटो काढायची. नाक समोर, कान सरळ, शेपूट खाली. "हलू नका!" दिवसभर तिचं हेच चालायचं. माकडांना सांगता सांगता तर तिचा घसा बसायचा. फोटो धुवायचं काम कासवअण्णांकडे होतं, त्यांच्या डबक्यात. अण्णा मोजकंच बोलत. धुतलेला फोटो पाण्याबाहेर धरायचे, "आला," म्हणायचे आणि पुन्हा बुडी मारायचे.

कुंदाचा एकही फोटो कधी हलला नव्हता. तिला त्याचा अभिमान होता. पण खरं सांगू? मनातून ती कंटाळली होती. सशाचा फोटो सशासारखाच यायचा, पण त्यात उडी नसायची. हरीण पळून गेल्यावर हवेत काहीतरी उरतं ना, तेही कुठेच यायचं नाही. ते कसं धरावं, हे कुंदाला कळत नव्हतं.

एक दिवस दरबारातून बोलावणं आलं. महाराजांचा फोटो काढायचा होता.

महाराज ढाण्याराव म्हणजे वाघ. टेकडीच्या माथ्यावर त्यांचा दगड होता, आणि त्या दगडावरून ते दोन वर्षं उठले नव्हते. जेवण तिथेच. न्याय तिथेच. झोप तर तिथेच.

कुंदानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं म्हणाली, "हलू नका!"

दरबार गार पडला. महाराज म्हणाले, "आम्ही कधी हललो?"

आणि त्यांनी जांभई दिली. जबडा असा उघडला की कुंदाला थेट परवाचं जेवण दिसलं. तिची बोबडी वळली. तिनं कॅमेरा पोटाशी घेतला, अंगाचं गाठोडं केलं, आणि टेकडीच्या उतारावरून निघाली ना घरंगळत! गडगड गडगड. भिंग बाहेर, बटण पोटाखाली. प्रत्येक गचक्याला एक फोटो. खटक. खटक. खटक.

ती थेट अण्णांच्या डबक्यात जाऊन पडली.

अण्णांनी फोटो धुतले, वर धरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन शब्द बोलले. "हे काय?"

फोटोत वाघ नव्हता. पिवळ्याकाळ्या रेघांचा एक भोवरा होता. आभाळ खाली, गवत वर, आणि मधून काहीतरी जबरदस्त सुसाटत निघालं होतं.

कुंदानं फोटो पाहिला आणि तिच्या खवल्याखवल्यांतून शिरशिरी गेली. "अण्णा, हेच ते! हवेत उरतं ते!"

"महाराज खातील," अण्णा म्हणाले.

कुंदाही घाबरली होती. पण बोलावणं टळत नाही. फोटो घेऊन ती दरबारात गेली आणि आधीच निम्मी गुंडाळून उभी राहिली.

महाराजांनी फोटो पाहिला. उलटा करून पाहिला. मग त्यांचे डोळे ओलावले.

"हा मी," ते म्हणाले. "केवढा पळतोय!"

राजाला फोटो आवडला म्हटल्यावर तो चांगला का आहे, हे सांगायला कुणीतरी लागतं. त्यासाठी दरबारात दिवाभीतशास्त्री होते. घुबड. दिवसा त्यांना काही दिसत नसे, म्हणून डोळे मिटून बोलत. त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असायचं.

"स्थितीला दिलेला हा गतीचा नकार नसून होकार आहे," शास्त्रीबुवा म्हणाले.

कोणालाच काही कळलं नाही. त्यामुळे सगळ्यांना पटलं.

कुंदा राजफोटोग्राफर झाली. आणि मग काय विचारता! ती वेड्यासारखी कामाला लागली. गवताच्या उतारावरून घरंगळून पाहिलं, फोटो मऊ आले. खडकाळ उतारावरून आली, फोटोंना दात फुटले. जांभळांचा सडा पडलेल्या वाटेवरून लोळली, ते फोटो तर जांभळेच आले, आणि कुंदाही. वेलीला लटकून झोके घेतले. वानराच्या पाठीवर बसून रान पालथं घातलं. संध्याकाळी घरी आली की जंगल तिच्याभोवती तासभर फिरत राहायचं, आणि ती अंगणात आडवी पडून खदखदून हसायची.

इकडे दरबाराला एक शोध लागला. उत्तरेचा पाणवठा दोन वर्षं अर्धवट खोदून पडला होता. कुंदानं त्याचा फोटो घरंगळत काढला, तर काम विलक्षण वेगानं चाललेलं दिसलं! महाराज खूष झाले. लगेच न झालेल्या वाटेचा फोटो झाला. ओढ्यावरच्या न बांधलेल्या साकवाचा झाला. त्या वर्षी जंगलाची एवढी प्रगती झाली की बघणाऱ्याला घेरी यायची.

मग हुकूम निघाला: यापुढे ओळखपत्रांवरचे फोटोही हललेलेच हवेत.

कुंदानं क्षणभर कान खाजवला. ओळखपत्र हे ओळखण्यासाठी असतं, असं तिला अंधूक आठवलं. पण त्या दिवशी तिनं नवा उतार हेरून ठेवला होता. "काढू की!" ती म्हणाली, आणि तीन दिवसांत तिनं सगळ्या जंगलाची ओळख पुसून टाकली.

पंधरा दिवसांनी मैनावहिनी तिच्या दारात आली. चितळांच्या कुरणात राहणारी ही हरिणी. मागे तिचं पाडस होतं. पाडसाला शेपूट नव्हतं.

"अगं बाई! शेपूट कुठे गेलं?" कुंदानं विचारलं.

"खाल्लं कुणीतरी! नवीन हरीण आलंय कुरणात. गवताला तोंड लावत नाही. रात्रंदिवस आमच्या पोरांकडे बघत बसतं. मी दारावरच्या गव्याला म्हटलं, भाऊजी, याला आत कसं सोडलंत? तर म्हणाला, 'वहिनी, ओळखपत्र बघूनच सोडलंय. कार्डावर तपकिरी रेघ. हा पण तपकिरी. मी काय करू?'"

ती रेघ कुंदानंच काढली होती. चांगली जमली म्हणून तिघाचौघांना दाखवलीही होती.

ती कॅमेरा घेऊन कुरणात गेली. कोपऱ्यात ते नवीन हरीण बसलं होतं. गळ्यात ओळखपत्र, तोंडात सुळे. लांडगा!

"काय कुंदाताई," लांडगा हसून म्हणाला, "माझा फोटो फार छान काढलात हं. आई ओळखणार नाही."

कुंदाची पाठ आपोआप वळू लागली. मान आत गेली, शेपूट पोटाशी आलं. गाठोडं होणार तेवढ्यात तिला ते बिनशेपटाचं पाडस दिसलं.

बाळांनो, कुंदा त्या दिवशी गुंडाळली नाही. भीतीनं तिचे खवले खुळखुळत होते, तरी पाय रोवून उभी राहिली. श्वास धरला. लांडगा एकेक पाऊल पुढे येत होता, आणि तिनं एकच फोटो काढला. खटक. मग मात्र कुंपणातल्या भोकातून ती जी सटकली, ती डबक्यापाशीच थांबली.

अण्णांनी फोटो वर धरला. "लांडगा," ते म्हणाले.

दरबारात मात्र पंचाईत झाली.

"यात लांडगा अगदी लांडग्यासारखा दिसतो," महाराज नाक मुरडून म्हणाले. "यात कला कुठे आहे?"

"प्रतिभा आटली," दिवाभीतशास्त्री डोळे मिटून म्हणाले.

"कलेचं राहू द्या, महाराज!" कुंदा कळवळून म्हणाली. "लांडगा कुरणात आहे. उठा. पळा त्याच्यामागे."

"आम्ही पळतोच आहोत." महाराजांनी पंजानं चहूकडे दाखवलं. "दरबारात आमचे सोळा फोटो आहेत. सोळाही फोटोंत आम्ही पळतोय. आणखी किती पळायचं?"

कुंदाला इतका राग आला की ती भ्यायलाच विसरली. तिनं कॅमेरा उचलला, नेम धरला, आणि हात तसूभरही न हलवता महाराजांचा एक फोटो काढला. अण्णांना डबकं सोडून वर यायला दुपार झाली, पण ते आले, पखालीतल्या पाण्यात फोटो धुतला आणि समोर धरला.

फोटोत एक म्हातारा वाघ होता. पोट दगडाच्या दोन्ही बाजूंनी ओघळलेलं. मिशीपासून दगडापर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं. शेपटीवर मुंग्यांची वाट पडलेली, चांगली वहिवाटीची.

"हा कोण?" महाराजांनी हळूच विचारलं.

कुणी बोलेना. शास्त्रीबुवांना मात्र शांतता सहन होत नसे. "निर्जीव वस्तूचं चित्र म्हणून बरं आहे," ते म्हणाले.

महाराजांनी डरकाळी फोडली. जाळं तटकन तुटलं. मुंग्या उधळल्या. आणि इतक्या वर्षांनी महाराज ढाण्याराव दगडावरून उठले, ते थेट कुंदाच्या अंगावर!

कुंदाचा कॅमेरा तिथेच पडला. ती गाठोडं होऊन उतारावरून सुटली. पुढे कुंदा, मागे महाराज, त्यांच्या मागे सगळा दरबार. दगड उडाले, पाचोळा उडाला, माकडांनी झाडांवरून शिट्ट्या घातल्या. कुंदाच्या पोटाशी आज कॅमेरा नव्हता, सांभाळायचं काही नव्हतं. मागे वाघ असून तिला हसू फुटलं. ती हसत हसत घरंगळली. कुंपण मोडून वरात कुरणात घुसली.

लांडग्यानं मान वर केली. खरोखर पळणारा वाघ त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तो गळ्यातल्या ओळखपत्रासकट जो पळाला, तो नदीपलीकडे गेला, आणि तिकडे तो अजून हरीण म्हणूनच कामाला आहे म्हणतात.

महाराज नदीत कमरेएवढ्या पाण्यात थांबले. भात्यासारखी छाती हलत होती. राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"आम्ही पळालो?"

"पळालात, महाराज," काठावरच्या गाठोड्यातून आवाज आला.

"फोटो काढलास?"

"नाही, महाराज. कॅमेरा वरच राहिला."

महाराजांचा चेहरा एवढासा झाला. "मग पुरावा काय?"

दरबार भरला. दिवाभीतशास्त्रींनी निर्णय दिला की ज्याचा फोटो नाही ते घडलेलं नाही. त्यामुळे महाराज पळालेच नाहीत. लांडगा गेला तो फोटो क्रमांक नऊला घाबरून. इतिहास घडताना कॅमेरा हातात नव्हता, म्हणून कुंदाला पदावरून काढण्यात आलं. तिच्या जागी परीट पक्ष्याची नेमणूक झाली. त्याची शेपटी जन्मापासून हलते, त्यामुळे त्याला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज पडली नाही.

जाता जाता कुंदानं एकच हट्ट केला. चितळांची सगळी ओळखपत्रं तिनं पुन्हा काढून दिली, नाक समोर, कान सरळ. बिनशेपटाच्या पाडसाचं आधी.

हल्ली ती पलीकडच्या डोंगरावर वारुळांचे फोटो काढते. वाळवी क्षणभर थांबत नाही, त्यामुळे गतीला तोटा नाही. फोटो मनासारखा आला की कुंदा जीभ काढून सगळी वाळवी खाऊन टाकते. कलावंताचं आणि समाजाचं इतकं सरळ नातं दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

तात्पर्य: फोटो काढताना हात स्थिर ठेवावा, हे खरं. पण समोर राजा असेल आणि हात थरथरला, तर त्याला भीती म्हणू नये. कला म्हणावी. पद मिळतं.