वडील सध्या समुद्रावर आहेत

दोन हजार बावीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या समोरच्या घरातले वासुअण्णा ऐंशीचे. त्या वयातही कोणी वडिलांचं विचारलं की ते सांगायचे, "वडील सध्या समुद्रावर आहेत." सध्या! जसे काही भाजी आणायला दुर्गदबैलाच्या बाजारात गेलेत, येतीलच.

एकदा इस्पितळात मी त्यांच्या बरोबर होतो. तिथल्या पोरीनं कागद भरता भरता विचारलं, "अज्जा, वडील हयात?"

"काही कळवलेलं नाही."

"वय?"

"एकशेचार."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

यात खोटं काही नव्हतं. अण्णा आईच्या पोटात होते तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि वडील आरमारात भरती झाले. मग पत्रं थांबली, माणूसही आला नाही. गावाकडच्या, कलघटगीच्या घरातल्या थोरल्या चुलत्यांनी ठरवून टाकलं की हा बोटीवरून पळाला आणि कुठल्या तरी बंदरात दुसरं घर करून बसला. अण्णांची आई मात्र शेवटपर्यंत कुंकू लावून होती. अण्णांनी वडिलांचं श्राद्ध कधी घातलं नाही. भटजींनी सांगून बघितलं, आम्ही सांगून बघितलं. "गेल्याची नोंद कुठाय? दाखव," म्हणायचे.

नोंद म्हणजे अण्णांचा जीव. सगळी नोकरी जमिनीच्या कचेरीत नोंदी उतरवण्यात गेली. मी एकदा सहज म्हटलं, माझ्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

"नोंद आहे?"

"अहो अण्णा, चार पोरं आहेत मला!"

"तो पुरावा झाला, मारुती. नोंद नव्हे."

आमची मंडळी आतून हसली. तिला अण्णांचं फार कौतुक. ते आले की "या अण्णा" म्हणून चहा ठेवायची. बायको वारलेली, मुलगा परदेशी, म्हणून अण्णा दिवसातून दोनदा यायचे. बसा म्हटलं की म्हणायचे, "टाकला नांगर." निघताना, "उचलतो नांगर." समुद्र त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

आता जे घडलं त्याला कारण मी. माझं शिक्षण मराठी चौथी, तीही निम्मी. इथल्याच लॅमिंग्टन रोडला शाळेच्या पोरांचे कपडे शिवत आयुष्य काढलं. मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. एकदा कसल्या तरी वादात अण्णा चार माणसांत म्हणाले, "तुला काय कळतंय कागदातलं!" मी म्हटलं, "साऱ्या गावाला नोंद मागता, तुमच्या वडिलांची नोंद कुठाय?"

अण्णा उठून गेले. नांगर उचलतो असंही म्हणाले नाहीत. दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते एक फोटो घेऊन. टोपीतला तरुण पोरगा, नाक अण्णांचंच. मागं शाईनं भरतीचा नंबर.

"आरमाराला लिहिलंय," म्हणाले. "पदकं मिळाली होती का, एवढंच विचारलंय."

"पदकं कशाला?"

"पळपुट्याला पदक देत नाहीत. पदक असलं तर पळाले नाहीत. सरळ कसं विचारायचं रे, माझा बाप पळाला काय म्हणून?"

तिथनं पुढं दीड वर्ष पत्रंच पत्रं. आधी नातं सिद्ध करा म्हणून उत्तर आलं. ते केलं. मग एक छापील कागद आला. त्यात दोन चौकटी, संबंधित व्यक्ती हयात की मयत, एकीवर खूण करा. अण्णांनी एकीवरही केली नाही. कागद परत आला. अण्णांनी पट्टी घेऊन शेजारी तिसरी चौकट आखली, तिच्यावर खूण केली आणि बाजूला इंग्रजीत लिहिलं, "माहीत नाही, म्हणूनच विचारतोय." मी म्हटलं, आता हे गेलं केराच्या टोपलीत.

तर त्यालाच उत्तर आलं. चांगलं जाडजूड पाकीट.

अण्णांनी ते तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि फोडलंच नाही. एक दिवस गेला, चार गेले. मी विचारलं की म्हणायचे, "आज शनिवार." नाहीतर, "चष्म्याचा नंबर बदललाय." चहा अर्धा ठेवायला लागले. आमची मंडळी म्हणाली, "त्यांच्या गळ्याची हाडं दिसालीत हो. काय केलंत हे तुम्ही!" ऐंशी वर्षं एक माणूस समुद्रावर बरा होता. मी जिभेचा तोरा मिरवला नसता तर अजून असता. त्या पाकिटात दुसरं घर निघालं, तिथली पोरं निघाली, तर अण्णा कोणाच्या तोंडाकडं बघणार? मशीनवर बसलो तरी हात चालेना. एका शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या.

अकराव्या दिवशी अण्णांनी दारातून हाक मारली. "मारुती, बारप्पा, इकडं ये. पाकीट फोड."

"मी? मला इंग्रजी कुठं येतंय?"

"म्हणूनच तू. वाचणारा माणूस फोडेल आणि त्याचं तोंड बघूनच मला कळेल. तुझ्या तोंडावर काही दिसणार नाही."

राग आला. खरं तर उठूनच जाणार होतो. पण त्यांनी डब्याखालचं पाकीट काढून कात्रीसकट माझ्या पुढ्यात ठेवलं. कात्रीनं कडेकडेनं पाकीट कापलं.

"किती कागद?"

"तीन."

"शिक्के?"

"आहेत की. गोल."

"बायकांची नावं दिसतात काय? दोन?"

"अण्णा, मला एबीसीडी येत नाही!"

"हौदु, हौदु, बरोबर आहे," म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

शेवटचा कागद म्हणजे एका जुन्या पाकिटाची छायाप्रत होती. पत्ता इंग्रजीत, पण खाली कोपऱ्यात बारीक शाईनं चक्क मराठी! मला आनंद झाला. मी मोठ्यानं, अक्षर न अक्षर वाचलं. "या नावाची बाई या घरात राहत नाही. परत."

अण्णांनी डोळे उघडले. कागद माझ्या हातातून घेतला. खालची सही बघितली.

"थोरले काका," म्हणाले.

मग पत्ता बघितला. मग पहिला कागद घेतला, दुसरा घेतला. सगळं वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आणि त्या तोंडावर सुद्धा मला काही वाचता येईना.

"अण्णा, पळाले काय हो?"

"नाही. भरती झाल्यावर दोन वर्षांनी तापानं गेले. बंदरातल्या इस्पितळात. पदकं दोन आहेत, कोणी न्यायला आलं नाही म्हणून पडून आहेत." पाकिटाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "तसं कळवणारं पत्र आलं होतं. हेच ते."

"मग काकांनी परत का धाडलं? दावा होता काय?"

"नाही रे. काकांनी बरोबर लिहिलंय. पत्र नुसत्या चंद्राबाईच्या नावावर आहे, नवऱ्याचं नाव नाही. जिचं तिनंच सही करून घ्यायचं. आमच्या घरात तीन सुना, त्यात चंद्राबाई कोण?"

"कोण?"

"माझी आई. लग्नात नाव बदललं, लक्ष्मी ठेवलं. सगळं घर लक्ष्मी म्हणायचं. भावजयीचं माहेरचं नाव थोरल्या दिराला कुठनं माहीत असणार? मलाच आईच्या आईनं सांगितलेलं, म्हणून माहीत." कागद मांडीवर ठेवून ते त्याच्या घड्या सरळ करत राहिले. "भरतीच्या वेळी विचारलं असेल ना, बायकोचं नाव काय. यांनी जे तोंडात बसलं होतं ते सांगितलं. दोघंच असताना तेच म्हणत असतील."

ऐंशी वर्षांच्या माणसाचे वडील नुकतेच वारले होते.

"तारीख मिळाली," म्हणाले. "भटजीकडनं तिथी काढून घेतो." उठले, चूळ भरून आले, परत बसले. "मला वाटायचं, ती वाट बघतेय, त्यांना तिचं काही नाही. तिला एवढं तरी सांगायला पाहिजे होतं रे, मारुती, की त्यांनी आरमाराच्या कागदावर तुझं नाव चंद्रा लिहिलंय." आणि मग डोळे पुसत एकदम माझ्याकडं वळून, "तुझ्या मंडळींचं माहेरचं नाव काय?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?" मी म्हटलं आणि घरी आलो. खरी गोष्ट अशी की मला ते आठवत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तिला बदललेल्या नावानंही हाक मारलेली नाही. "ऐकलंस का," एवढंच.

रात्री जेवताना ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी चहा गाळत होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हटलं, "गंगू."

तिनं भांडं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि लगबगीनं बाहेरच्या दाराकडं गेली, माहेरचं कोण आलंय ते बघायला.