हॉलमधला चौक

हॉलची भिंत पाहून कमलेशच्या हातातली भाजीची पिशवी गळून पडली. सकाळी कोरी असलेली भिंत गेरूने लाल झाली होती आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक उमटला होता. मधोमध देवी, कडेला नाचणारी माणसं, खाली खेकडे. दहा वर्षांची रविना स्टुलावर उभी राहून एका खेकड्याला उरलेला पाय लावत होती.

"सुनिता, भिंत भाड्याची आहे!"

"ओरडू नका. मुलांना अडवलं की त्यांची कल्पनाशक्ती मरते." जव्हारला राहायला आल्यापासून सुनिता हे मोबाइलवर रोज ऐकत होती. सूर्यमाळला त्यांच्या पाड्यावर कल्पनाशक्ती कुणी जपत नसे, ती आपली आपण गुरं राखायला जाई.

"योगिता मॅडमनी प्रोजेक्ट दिलाय, 'माझी संस्कृती'," रविना म्हणाली. "उद्या रविवारी फोटो काढायला घरी येणारेत."

हे ऐकताच देवानंदला चहाचा ठसका लागला. देवानंद म्हणजे कमलेशचा धाकटा भाऊ, वय एकतीस, बिनलग्नाचा. मॅडम मोखाड्याकडच्या, त्यांच्याच समाजातल्या. त्यांना एकच प्रश्न विचारायचा म्हणून गेले आठ महिने तो रोज गुळगुळीत दाढी करून त्यांच्याबरोबर स्कूटरवरून निघे आणि हवापाण्यावर बोलून परत येई. घरात कुणाला पत्ता नाही, अशी बिचाऱ्याची समजूत होती.

संध्याकाळी नवशीचा, म्हणजे कमलेशच्या आईचा, व्हिडिओ कॉल आला. रेंजसाठी ती टेकडीवर चढली होती. नातीच्या मागे तिला चौक दिसला. पाड्यावर चौक एकाच कारणाने काढतात, घरात लग्न असलं तर. आणि या घरात लग्नाचं माणूस एकच होतं.

"देवाचा लगीन ठरला, न मला सांगला नाय?"

"आई, तसं नाही, हे शाळेचं..." कमलेश म्हणेपर्यंत रेंज गेली. मग रात्रीपर्यंत फोन लागलाच नाही.

रविवारी सकाळी नऊला दारात जीप थांबली. तिच्यातून नवशीसह अकरा माणसं, तांदळाची गोणी, एक कोंबडा आणि फुंकून वाजवायचा तारपा उतरला. सगळ्यांत पुढे गौरा, लग्न लावणारी धवलेरी.

"नवरी कुठं हाय?"

"नवरी नाहीये!" कमलेश कळवळला.

"मंग चौक कसा हाय?" जीपमधून उतरलेल्या तुकामामाने विचारलं.

"पुसून टाकूया," देवानंद घाईघाईने फडकं घेऊन आला.

"नाय पुसायचा! ते माझं क्रिएशन आहे!" रविनाने भोकाड पसरलं. सुनिता भिंतीला पाठ लावून उभी राहिली. साठ वर्षांत लग्नाशिवाय पुसलेला चौक आपण पाहिला नाही, असं गौरा ठणकावून सांगू लागली. तेवढ्यात जिन्यात कुणी तारपा वाजवून पाहिला आणि वरच्या मजल्यावरची पोरं नाचतच खाली आली.

नवशीने चष्मा लावला आणि भिंतीजवळ गेली. चौकाशेजारी रविनाने सकाळीच एक स्कूटर चितारली होती.

"म्होरं बसलाय तो आपला देवा. न मागं ही लांब वेणीची कोण?"

"योगिता मॅडम," रविना डोळे पुसत म्हणाली.

तारपा थांबला. देवानंदच्या हातातलं फडकं पडलं. आणि दारातून आवाज आला, "येऊ का आत?"

मोबाइल आणि वही घेऊन योगिता मॅडम उभ्या होत्या. अकरा माणसांनी आधी त्यांची वेणी पाहिली, मग भिंतीवरची. मॅडमना चौकाचा अर्थ सांगायची गरज नव्हती. त्या चौकाकडे बघत राहिल्या, मग स्कूटरकडे. देवानंदला रडू यायचंच बाकी होतं. आता हवापाण्याचं बोलणंही संपलं, असं त्याला वाटलं.

"रविना, चित्र चुकलंय," मॅडम कडक आवाजात म्हणाल्या.

देवानंदने डोळे मिटले.

"गाडी माझी आहे. चालवते मी. काका मागे बसतात. तेही असेच, डोळे मिटून."

"मला म्हायतेय," रविना म्हणाली, "पण मग काकाची लाज गेली असती."

"जायची ती गेली. घे फडकं." मॅडम खाली बघून हसल्या. "पण चौकाला हात लावू नकोस. फक्त गाडी पूस आणि मला पुढे बसव."

गौराने कोंबडा सुनिताच्या हातात दिला आणि लग्नाच्या गाण्यासाठी घसा साफ केला.