पोटात काय?

आमच्या शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायची बंदी होती.

हा कायदा उकंडराव गुरुजींचा. पोरानं चुकून ‘हजर’ म्हटलं की गुरुजी चष्म्यावरून बघत आणि म्हणत, “हजर हायेस ते दिसूनच राह्यलं बाप्पा. पोटात काय, ते सांग.” मग पोरगं सांगे, “भाकर अन् ठेचा.” पुढचं म्हणे, “अंबाडी, कण्या घालून.” एखादी पोरगी लाजत सांगे, “शिळी भाकर अन् ताक.” अशी सगळी शाळा जेवणासकट हजर व्हायची तेव्हा कुठे पाढे सुरू होत.

नवीन महाराष्ट्र झाला त्याच सुमारास मी दारव्ह्याकडच्या या गावात दुसरा मास्तर म्हणून रुजू झालो. पहिला मास्तर म्हणजे उकंडराव. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं उकिरड्यावरून हे नाव ठेवलं, आणि हा मनुष्य उकिरड्याच्या खतावर इतका जीव लावी की आईला पुढचं दिसत होतं असंच वाटे. धोतर गुडघ्यापर्यंत, टोपी कायम मातीची, आणि खिशात खडूच्या जोडीला बिया. फळ्यावर लिहिताना कधी खडूऐवजी वालाचा दाणाच हातात यायचा. तो घासत ते बराच वेळ उभे राहत आणि मग खडूच्या कारखान्याला दोष देत.

गावात कुणाला ‘राम राम’ म्हणायचं त्यांना सुचत नसे. “काय शिजलं?” हाच त्यांचा नमस्कार. बायका त्यांना पाहून चुलीवरची झाकणं सारखी करत. मी पहिल्याच दिवशी बजावलं, “गुरुजी, मी काय खातो ते माझं मी बघीन.” ते म्हणाले, “बरं. पण चेहऱ्यावरून वांगं दिसते.” वांगंच होतं, म्हणून मला जास्त राग आला.

शाळेमागच्या तुकड्यात त्यांची बाग होती. मूलोद्योग म्हणून इतर शाळांत सुताच्या टकळ्या फिरत, आमच्याकडे खुरपी. बाग म्हटल्यावर मी गुलाब नाहीतर निदान कोबी शोधला. तिथे होता तरोटा. चिवळ, घोळ, कुंजर. ज्याला सगळा वऱ्हाड तन म्हणतो आणि कपाशीतून उपटून शेताच्या धुऱ्यावर टाकतो, ते या माणसानं सरी पाडून, बी टाकून, झारीनं पाणी घालून वाढवलं होतं. वर्गच्या वर्ग तिथे नेऊन ते पान चुरगाळून हुंगायला लावत. “डोळे मिटून सांग, कोनती?” अंकगणितात नापास होणारी पोरं यात पहिली येत.

“हे कशाला लावता?” मी एकदा विचारलं.

“पोट्ट्याइले लाज वाटून राह्यली,” ते म्हणाले. “घरी तरोटा खाते अन् इथं सांगते पुरी. खाल्ल्याची लाज वाटाले लागली तं उद्या खानंच सोडून देईल. शाळेच्या बागंत लावला म्हंजे त्याले इज्जत येते.”

आणि एखादं पोर हजेरीला “काही नाही” म्हणे. गुरुजी चेहरा न हलवता म्हणत, “जाय, बागेतल्या झाडाले पानी घाल.” आधी मला ती शिक्षा वाटली. पण ही पोरं ओठ पुसत परत येत. बागेच्या कोपऱ्यात तीन दगडांवर गुरुजींचं गंज, म्हणजे पातेलं, असे आणि त्यात मागच्या हंगामातल्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, घुगऱ्या. पाणी घालणाऱ्यानं चार मुठी खायच्या असा नियमच होता. पावसाळ्यात घरची ज्वारी संपत आली की झाडांना पाणी घालणारे वाढत. वरून पाऊस पडत असला तरी.

त्या वर्षी सरपंचांच्या मनात आलं की शाळेमागच्या जागेवर कोंडवाडा बांधावा. “नुसतं तन हाय तिथं. ढोरंच बांधा,” असं त्यांनी वर लिहून पाठवलं. तपासणीस साहेब सोमवारी येऊन जागा बघणार आणि काय ते ठरवणार, असा निरोप आला. गुरुजी पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. “जागा गेली तं ‘काई नाई’ म्हननारे कुठं धाडू?” एवढंच ते पुन्हापुन्हा विचारत होते. मी उगाच त्यांच्यावरच चिडत होतो.

रविवारी आम्ही दोघं साहेबांसाठी हार आणि बरा खडू आणायला दारव्ह्याच्या बाजारात गेलो. संध्याकाळी परतलो तर शाळेमागून बाया निघत होत्या. हातात खुरपी, लुगड्याचे ओटे फुगलेले. पुढे पार्वताबाई होती. तिची शेवंता आमच्या चौथीत.

“गुर्जी, पाहा, कशी आरशावानी केली बाग,” ती म्हणाली. “साहेब येऊन राह्यला अन् इतकं तन. तुमी एकटे कुठवर निंदान? म्या म्हटलं, चला व बायहो, गुर्जीची लाज राखू.”

बाग खरोखर आरशासारखी होती. काळी माती, आणि मध्ये चार वांग्यांची रोपं. तरोट्याच्या सऱ्या, चिवळीचे वाफे, कशाकशाचा मागमूस नव्हता. तरोटा कुणी पेरून लावील हे त्या बायकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जन्मभर कपाशीतलं तण निंदणारे हात ते, त्यांना जे दिसलं ते त्यांनी काढलं.

गुरुजींच्या हातातला हार लोंबत होता. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, “लय मेहनत केली बायहो. हात दुखत असंन तुमचे.”

बाया खुशीत गेल्या. गुरुजी धुऱ्यावर बसले. “सांगायचं होतं ना त्यांना,” मी म्हणालो.

“कायले? दिवसभराची मजुरी बुडवून आल्या त्या माह्यासाठी.”

सोमवारी साहेब आले. टोपी, छत्री, सोबत सरपंच. “बाग कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

“काल व्हती,” गुरुजी म्हणाले.

सरपंच मिशीत हसले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “ठीक. हजेरी घ्या.”

मी कुजबुजलो, “आज तरी हजर म्हणू द्या.” पण गुरुजींचं लक्ष कुठे होतं? तोंडाला जे वळण होतं तेच निघालं. “गणपत, पोटात काय?”

“तरोटा, गुर्जी. कांदा घालून.”

“शेवंता?”

“चिवळ. बेसन लावून.”

“हरी?”

“घोळ अन् भाकर.”

गुरुजींचा आवाज हळूहळू वर चढला. तरोटा, कुंजर, पुन्हा तरोटा. निंदणारी बाई खाण्याजोगं तण कधी टाकत नाही, ओट्यात भरून घरी नेते. ते फुगलेले ओटे आत्ता माझ्या डोक्यात उजाडले. रात्री गावभर शेजारीपाजारी वाटावाटी झाली होती, आणि अख्खी बाग समोर रांगेत मांडी घालून बसली होती. सरपंचांचा धाकटा उठला आणि खणखणीत म्हणाला, “कुंजर. मायनं डाळ घालून केली. बाबानं दोनदा घेतली.” सरपंचांना खोकला आला.

हजेरी संपली. एकाही पोरानं ‘काही नाही’ म्हटलं नव्हतं. जुलै महिन्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

साहेबांना मी ती बाग, ते निंदण, घुगऱ्या, सगळं एका दमात सांगून टाकलं. ते बराच वेळ हसले आणि सरपंचांना म्हणाले, “कोंडवाड्याला दुसरी जागा बघा.” मी तो हार साहेबांच्या आधी गुरुजींना घालणार होतो, थोडक्यात आवरलं.

निघताना साहेबांनी सहज विचारलं, “आणि गुरुजी, तुमच्या पोटात काय?”

गुरुजी उभे राहिले. टोपी सारखी केली. गावाला, घराघराला विचारणाऱ्या या माणसाला तो प्रश्न बहुधा वर्षानुवर्षांत कुणी विचारला नव्हता. घरी होतंच कोण विचारायला? बायको लग्नानंतर वर्षभरातच गेली होती, आणि चूल पेटायची ती घुगऱ्यांपुरती.

ते हळूच म्हणाले, “हजर.”

एकही पोर हसलं नाही.

तण ते, पुढच्या सरींनी पुन्हा उगवलं. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी मंगळवारी, हजेरीचं शेवटचं नाव झालं तशी शेवंता उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “गुर्जी, पोटात काय?”

गुरुजी गडबडले. “घोळीची भाजी. तुह्याच मायनं धाडली.”

“अन् भाकरी?”

“खाल्ली एक.”

“मायनं तं दोन देल्त्या,” शेवंता म्हणाली. “जा, झाडाले पानी घाला.”

आणि उकंडराव गुरुजी मुकाट्यानं उठून बागेत गेले. परत आले तेव्हा ओठ पुसत होते. डोळेही पुसले असावेत.