लग्नाचा ताबा

लग्न मोडायला पल्लवी ढोमणे कौटुंबिक न्यायालयात गेली, तेव्हा तिचं लग्नही सोबत आलं होतं आणि बाकावर तिच्या शेजारी पाय हलवत बसलं होतं.

पल्लवी अकोल्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. भर बाजारात, घामाघूम झालेल्या माणसाच्या शेजारी बसून शांतपणे ‘क्लच सोडा, हळू’ म्हणणं हे तिचं रोजचं काम. त्यामुळे कोर्टाची तिला धास्ती नव्हती. तिचं आणि नवऱ्याचं, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अतुलचं, पटत नव्हतं. भांडून झालं होतं, अबोला धरून झाला होता. आता वेगळं व्हायचं, हे मात्र दोघांनी एकमताने ठरवलं होतं. नऊ वर्षांच्या जुईने आईकडे राहायचं, हेही ठरलं होतं.

त्यांच्या वकील काझीबाईंनी चष्म्यावरून लग्नाकडे पाहिलं.

“वय काय याचं?”

“अकरा पूर्ण. बारावं लागलंय,” पल्लवी म्हणाली.

“म्हणजे अल्पवयीन. मग याला असं सरळ मोडता यायचं नाही.”

“पण आमची दोघांची संमती आहे,” अतुल म्हणाला.

“ती तुमच्या घटस्फोटाला पुरते, ढोमणे. त्याने तुम्ही दोघं नवराबायको राहत नाही. हे मात्र वेगळं माणूस. त्याचं म्हणणं ऐकायला हवं. आणि अठराच्या आतलं आहे, तेव्हा त्याचा ताबा कोणाकडे आणि पालक कोण, हे आधी ठरवायला हवं.”

“दोन्ही एकच ना?”

“नाही. ताबा म्हणजे ते रोज कोणाकडे राहणार, जेवणार, ताप आला तर उशाशी कोण बसणार. पालकत्व म्हणजे त्याच्याबद्दलचे मोठे निर्णय कोण घेणार. ताबा गेला म्हणून बापाचं बापपण जात नाही.”

लग्नाने मान डोलावली.

“मला नको ते,” अतुल एकदम म्हणाला. “त्याच्याकडे बघितलं की सगळी भांडणं आठवतात.”

“नको म्हणजे? मी एकटीने आणलं का ते?” पल्लवीचा आवाज चढला. कालपर्यंत ‘मोडून टाक एकदाचं’ असं तीच म्हणत होती, हे तिच्या लक्षात आलं.

घरी आल्यावर जुईने विचारलं, “मोडतात म्हणजे त्याला कुठे नेतात?”

 जुई आणि लग्न पालथी पडून एकाच पुस्तकातली चित्रं रंगवत होती. लग्न आकाश रंगवायचं, जुई खालचं सगळं. पल्लवीने दारातूनच काझीबाईंना फोन केला. “मला दोघांचा ताबा हवाय. अतुलशी माझा संसार होणार नाही, ते पक्कं. पण याला मी मोडू देणार नाही. लिहून घ्या.”

विचार करायला कायद्याने दिलेले सहा महिने गेले. कोणाचाही विचार बदलला नाही. मग न्यायाधीशबाईंनी आईवडिलांना बाहेर थांबवून जुईला आणि लग्नाला आपल्या दालनात बोलावलं, बिस्किटं दिली आणि लग्नाला विचारलं, “तुला कोणाकडे राहायचंय?”

“जुईजवळ,” लग्न म्हणालं.

निकाल छोटा होता. घटस्फोट मंजूर. मुलांचं हित सगळ्यात आधी. भावंडांची ताटातूट करू नये. म्हणून दोघांचा ताबा आईकडे. पालक दोघंही. वडिलांनी दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दोघांना भेटावं, एकाला नेऊन दुसऱ्याला मागे ठेवू नये. अठरा पूर्ण झाल्यावर टिकायचं की मोडायचं, ते लग्न स्वतः ठरवील.

“मॅडम, पण लग्न शिल्लक असताना घटस्फोट कसा?” अतुलने विचारलं.

“वेगळे तुम्ही झालात,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “त्याने काय केलंय?”

सुरुवातीचे रविवार अवघड गेले. अतुल जुईचा हात धरायचा आणि लग्नाला मागून चालू द्यायचा. एकदा रस्ता ओलांडताना भरधाव टेम्पो आला, तेव्हा त्याने झटक्यात लग्नाचं मनगट पकडलं. पलीकडे पोचल्यावरही सोडलं नाही. पुढच्या वेळी लग्नाला आवडतात म्हणून पेरू घेऊन आला. पल्लवीच्या नव्या घरात दोघंही मजेत होती. लग्नाचे कपडे दर सहामाही तोकडे व्हायला लागले.

दोन वर्षांनी अतुलने पुन्हा संसार मांडला. एका चौथ्या रविवारी तो दारात आला, तेव्हा त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याचं दुसरं लग्न. दोन महिन्यांचं. झोपलेलं होतं.

“म्हटलं, दाखवावं,” तो अवघडून म्हणाला.

जुई टाचा उंचावून बघायला लागली. थोरलं लग्न आतून आलं, थोडा वेळ त्या इवल्याशा तोंडाकडे बघत उभं राहिलं. “मी घेऊ?” त्याने विचारलं.

अतुलने पल्लवीकडे पाहिलं.

“आधी मांडी घालून बस,” ती लग्नाला म्हणाली. “आणि डोक्याखाली हात ठेव. अजून मान धरलेली नाही त्याने.”